झाडाआडची मागणी

मुलीला मागणी घालणं हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर विधी आहे, आणि जो समाज तो गांभीर्याने पार पाडतो तोच टिकतो, असं हिपोलित व्झोस यांचं ठाम मत होतं. हे मत ते त्या क्षणी एका झाडामागे, बर्फात उकिडवे बसून, डोक्यावर गेस्टहाउसची पांढरी चादर घेऊन मनातल्या मनात घोळवत होते. चादर फोटोग्राफरने दिली होती. बर्फात आई-बाप उठून दिसू नयेत, असं त्याच्या पॅकेजमध्येच लिहिलं होतं.

"हिपेक, चादर नीट घे. टोपी दिसतेय तुझी," शेजारच्या झाडामागून बोग्नाबाई कुजबुजल्या. त्यांच्याही डोक्यावर चादर होती.

"दिसू दे. मी मुलीचा बाप आहे, ससा नाही."

"आत्ता ससाच आहेस. गप बस."

पोलंडमधल्या झाकोपाने गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या कुरणावर फेब्रुवारीत दर शनिवारी सरासरी चार मुलींना अगदी अनपेक्षितपणे मागणी घातली जाते. मुली त्यासाठी आदल्या दिवशी नखं रंगवून येतात. मागे बर्फाने झाकलेला डोंगर, पुढे बर्फाने झाकलेलं कुरण, मध्ये लाल गुलाब आणि गुडघ्यावर बसलेला मुलगा. डोंगर फुकट आहे, बाकी सगळ्यासाठी फोटोग्राफर दोबोमिरकडे नाव नोंदवावं लागतं. व्झोस कुटुंबाला दहा ते साडेअकरा ही वेळ मिळाली होती. साडेअकराचा मुलगा खाली रस्त्यावर हृदयाच्या आकाराचे फुगे घेऊन आधीच येऊन उभा होता, आणि त्याची मुलगी त्या फुग्यांकडे न बघण्याचा मनापासून प्रयत्न करत होती.

हिपोलितनी कोटाच्या आतल्या बाजूला, काखेपाशी, हात लावून पाहिलं. बाटली जागेवर होती.

या बाटलीबद्दल सांगितलं पाहिजे. ओतिलिया जन्मली त्या आठवड्यात हिपोलितनी राय धान्याची कडक दारू एका बाटलीत भरली, तिच्यात ओकच्या लाकडाची एक ढलपी टाकली, बुचावर मेण ओतलं आणि बाटली रादोमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवली. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या बहिणीसाठी हेच केलं होतं. मुलीचा हात मागायला जो येईल, त्याच्याबरोबर ती फोडायची. अठ्ठावीस वर्षांत दारूला छान गडद तपकिरी रंग चढला होता, आणि विशेष म्हणजे एक थेंबही उडून गेला नव्हता. पिंपातली दारू वर्षाला थोडी थोडी उडतेच, हे हिपोलित प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि मग बाटली उजेडात धरत. "मेण," ते म्हणत. "सगळं मेणावर असतं."

ओतिलियालाही बाटलीची कदर होती. दर नाताळच्या आदल्या दिवशी ती हौसेने ते कपाट आवरायला घेई. दार लावून, एकटी. आजकालच्या मुलींमध्ये परंपरेविषयी एवढी आस्था कुठे दिसते, असं हिपोलित बायकोला म्हणत.

तर मागणीचा प्रसंग त्यांनी मनात पक्का बसवला होता. रविवार असेल. मुलगा सूट घालून येईल. आधी बोग्नाला फुलं देईल, उंबरठ्यावरून नाही, आत येऊन. मग म्हणेल, "प्रोफेसर, मी तुमच्या मुलीचा हात मागायला आलोय." मग हिपोलित एक मिनिट गप्प बसतील. पूर्ण एक मिनिट. घड्याळ लावून त्यांनी त्याचा सराव केला होता. बाप लगेच हो म्हणाला तर माल पडून होता असं वाटतं. मिनिट संपलं की ते उठतील, नकाशांमागून बाटली काढतील आणि मेण फोडतील. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाच्या आयुष्यात नाट्य असं फारसं नसतं. हे एवढंच त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवलं होतं.

ओतिलियाचा मित्र क्सावेरी चार वर्षं दर रविवारी घरी येत होता. सूप प्यायचा, कटलेट खायचा, भांडी पुसायचा आणि जायचा. मुलगा चांगला होता, पुलांचे आराखडे काढायचा. पण तोंड काही उघडायचा नाही. आणि मग जानेवारीत त्याचा फोन आला. "प्रोफेसर, मी ओतिलियाला मागणी घालतोय. झाकोपानेला, बर्फात. तिला काही सांगू नका. तुम्हा दोघांना यायचंय."

हिपोलित खुर्चीवरून उठून उभे राहिले. "बरं," ते जड आवाजात म्हणाले. "मग मला काही विचारायचं आहे का तुला?"

"हो, हो, विसरलोच. तुमच्या कोटाचा रंग कुठला?"

पाठोपाठ कार्यक्रमाचा कागद आला. एकूण नऊ कलमं. सातवं असं होतं: 'आई-वडील झाडांमागून बाहेर येतात (रडत).'

आणि आज सकाळी, सहज हवापालटासाठी आलेले आई-वडील आणि सहज हवापालटासाठी आलेली मुलगी एकाच गेस्टहाउसमध्ये एकाच टेबलावर अंडी खात असताना, ओतिलियाला कोटाच्या फटीतून बाटलीची मान दिसली. तिचा चमचा हवेतच थांबला.

"बाबा, ती बाटली इथे कशाला?"

"असू दे. थंडी आहे."

"अरे, फुटेल ती. खोलीत ठेव ना. नाहीतर आण, मी ठेवते."

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. हिपोलितना भरून आलं. पोरीने ओळखलं, ते मनात म्हणाले. लाजली.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. हिपोलितनी चादर डोळ्यांपर्यंत ओढली.

बर्फावरून घसरत येणारी घोड्याची गाडी कुरणाच्या मधोमध थांबली. गाडीवान म्हणजे मेंढीच्या कातड्याचा अंगरखा घातलेला, ओठात विझलेली सिगरेट धरलेला डोंगरी म्हातारा. घोड्याचं नाव हेत्मान. त्याने आजवर किती मागण्या पाहिल्या असतील देव जाणे, चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसत नव्हतं. ओतिलिया उतरली. "अय्या, काय सुंदर आहे हे!" ती जरा मोठ्यानेच म्हणाली. क्सावेरीने सीटखालून पंचवीस लाल गुलाबांचा गुच्छ काढला, घोड्याला वळसा घालून पुढे आला, आणि वळसा घालताना हेत्मानने मान फिरवून एक गुलाब गुच्छातून उपटला. शांतपणे, कसलाही गाजावाजा न करता.

हे गाडीपाशी कुणाच्याही लक्षात आलं नाही. दोबोमिर पोटावर आडवा पडून कॅमेऱ्यात बघत होता. वर ड्रोन माशीसारखा गुणगुणत होता. क्सावेरी गुडघ्यावर बसला.

"ओतिल्का, माझ्याशी लग्न करशील?"

"चोवीस!" झाडामागून ओरडा आला.

घोड्याने देठ चावला.

"आई?" ओतिलिया म्हणाली. "तू तिथे आहेस?"

"नाही," झाडामागून उत्तर आलं. आणि मग, तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत नोटा मोजलेल्या बाईला जे सहन होण्यासारखं नव्हतं ते बाहेर पडलं: "अरे, चोवीस गुलाब कबरीवर ठेवतात! जिवंत माणसाला सम संख्येने फुलं देतं का कुणी? घोड्याने एक खाल्लाय!"

ओतिलिया इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता तिने क्सावेरीचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "हो. हो रे वेड्या. करीन." त्याचेही डोळे भरले.

"हे नाही चालणार," बर्फातून उठत दोबोमिर म्हणाला. त्याच्या मिशांना बर्फ लागला होता. "ताई, तुम्ही खदाखदा हसताय. दात दिसतात. आश्चर्य पाहिजे. दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांत पाणी, मग हो. परत घेऊ. सगळे आपापल्या झाडामागे!"

"पण मी हो म्हटलंय," ओतिलिया म्हणाली.

"म्हटलं असेल. ते फोटोत आलेलं नाही."

एक गुलाब काढून बोग्नाबाईंनी पदरात, म्हणजे चादरीत, घेतला. तेवीस झाले. गाडी मागे गेली आणि परत आली. ओतिलियाला पुन्हा ते सुंदर वाटलं. क्सावेरी पुन्हा गुडघ्यावर बसला आणि त्याने अंगठी बाहेर काढली.

"डावा हात, ताई!" दोबोमिर आडव्यानेच ओरडला. "उजेड डावीकडून आहे!"

"डावा?" बोग्नाबाई चादरीसकट बाहेर आल्या. "मुलीला लग्नाआधीच विधवा करताय? डाव्या हातात अंगठी विधवेच्या! माझी आई हा फोटो बघेल तर आडवी होईल!"

"काकू, सगळ्या जगात डाव्याच हातात घालतात. सिनेमात बघा."

"सिनेमातल्या बायका तीनदा लग्न करतात. उजवा!"

शेवटी डोंगर हलवता येत नसल्यामुळे मागणीची दिशा बदलायचं ठरलं. तिसऱ्यांदा क्सावेरी उलट्या बाजूला तोंड करून बसला. आता त्याच्या आधीच्या गुडघ्यांचे दोन खड्डे फोटोत येत होते, जणू त्या जागी आधीच कुणी नाकारला गेला होता. चौथ्यांदा जागा बदलली. चौथ्यांदा सगळं जमलं, फक्त ओतिलिया 'हो' म्हणाली ते रेल्वेच्या खिडकीवर 'परतीचं पण द्या' म्हणतात तसं. पाचव्यांदा हेत्मानने दुसरा गुलाब खाल्ला, आणि बोग्नाबाईंनी आणखी एक काढून घेतला.

प्रत्येक वेळी, क्सावेरी उठून गुडघे झटकत असे तेव्हा, हिपोलित झाडामागे जरा ताठ होत. आता वळेल. आता इकडे येईल. आई-वडील इथे आहेत हे तर आता घोड्यालासुद्धा कळलं होतं. पण क्सावेरी वळे तो दोबोमिरकडे. "आता बरं आलं का?" तो विचारी. हिपोलितनी मोजलं होतं. त्या सकाळी मुलाने दोबोमिरची परवानगी अकरा वेळा मागितली. बापाची एकदाही नाही.

बाटली काखेत आता चांगली उबदार झाली होती.

सहाव्यांदा मात्र कुणी चूक केली नाही. एकवीस गुलाब, उजवा हात, तोंडावर तळवे, डोळ्यांत पाणी. पाणी खरं होतं, कारण एव्हाना वारा सुटला होता. डोंगरावरून ढगाची जाड लांब पट्टी सरकत येत होती, आणि हवा अचानक कोमट झाली होती. गाडीवानाने प्रथमच सिगरेट ओठातून काढली.

"हाल्नी आला, डोंगरावरचा गरम वारा," तो म्हणाला. "तासाभरात बर्फाचा चिखल करतो का नाही बघा. आणि माणसं भांडायला लागतात. हाल्नीत माणूस खरं बोलतो, म्हणून आम्ही दारं लावून बसतो."

"कलम सात! लवकर!" दोबोमिर ओरडला. "आई, बाबा, बाहेर या. रडत!"

बोग्नाबाई बाहेर आल्या. त्या खरंच रडत होत्या, सहाही वेळा रडल्या होत्या. हिपोलित उठले तेव्हा वरच्या फांदीवरचा ओला बर्फ धपकन त्यांच्या टोपीवर कोसळला. तो न झटकताच ते चार पावलं पुढे आले आणि थांबले.

"काका, रडा," दोबोमिर म्हणाला.

"मी रडणार नाही."

"थोडं तरी. डोळे बारीक करा."

"मी कशासाठी रडू?" हिपोलित म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा गेला. "मला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. घोडेवाल्याला विचारलं, ड्रोनवाल्याला विचारलं, उजेड कुठून येतो ते विचारलं. माझ्या कोटाचा रंग विचारला. अठ्ठावीस वर्षं वाट बघतोय मी, कुणीतरी दारात येईल आणि विचारेल. आणि मला चादर दिली!"

ओतिलिया "बाबा" असं काहीतरी पुटपुटली. क्सावेरीच्या गुडघ्यांवरून पाणी ठिबकत होतं. त्याने गुलाब खाली घेतले.

"अरे वा," दोबोमिर म्हणाला. "हे चांगलं आहे. जुना रिवाज. हे लोकांना फार आवडतं. आणि काका, कोटात काय आहे, बाटली? काढा, काढा बाहेर. मेणाची? देवा! नवरदेव, तुम्ही काकांसमोर उभे राहा आणि विचारा. काका, बाटली जरा वर."

माणसाचं स्वप्न पूर्ण व्हायचं तर असं होतं. क्सावेरी समोर उभा राहिला. सूट नव्हता, शेवाळी रंगाचं जाकीट होतं, आणि नाक लाल झालं होतं. "प्रोफेसर, मी तुमच्या मुलीचा हात मागतो," तो म्हणाला. हिपोलितनी डोळे मिटले आणि आपलं मिनिट सुरू केलं.

"काका, बोला काहीतरी," अकराव्या सेकंदाला दोबोमिर म्हणाला. "वारा आहे."

"मी विचार करतोय."

"चेहरा विचार केल्यासारखा नाही दिसत, झोपल्यासारखा दिसतो. परत. नवरदेव, थोडे उजवीकडे."

दुसऱ्यांदा वाऱ्याने चादर उडवली आणि ती क्सावेरीच्या तोंडावर बसली. तिसऱ्यांदा तो समोर आला. तोंडावरचे केस बाजूला करत उभा राहिला. मग एकदम म्हणाला:

"मी विचारायलाच यायचो, प्रोफेसर. तीन वर्षं. दर रविवारी रेल्वेत पाठ करत यायचो. आणि सूप यायच्या आधी तुम्ही विचारायचात, विस्तुलेच्या डाव्या उपनद्या सांग. मला कधी पाचच्या पुढे आठवल्या नाहीत. मग वाटायचं, ज्याला नद्या येत नाहीत त्याने मुलगी कशी मागायची? इथे निदान दोबोमिर सांगतो कधी बोलायचं ते."

हाल्नीच होता तो, दुसरं काही नाही. बोग्नाबाईंनी नवऱ्याकडे वळून फक्त पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात अशी नजर वर्षातून दोनदाच वापरायची असते.

"मी... ते गमतीने विचारायचो," हिपोलित म्हणाले.

"तुम्ही वहीत मार्क लिहायचात, प्रोफेसर."

हे खरं होतं. हिपोलितनी घसा साफ केला. मिनिट वगैरे सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. समोर उभा असलेला मुलगा थंडीने कुडकुडत होता आणि पाच उपनद्यांवर चार वर्षं सूप पीत आला होता. याहून जास्त चिकाटी कुठल्या परीक्षेत तपासायची?

"पाच पुरेत," ते म्हणाले. "घे तिला. म्हणजे, तिने सहा वेळा हो म्हटलंय, मी कोण नाही म्हणणारा. सांभाळ." आणि खिशातून चाकू काढून त्यांनी मेणावर टेकवला.

"बाबा, थांब!" ओतिलिया धावत पुढे आली. "ती आत्ता नको उघडू. लग्नात उघडू. नाहीतर... नातवंडं झाल्यावर."

"नाही, ओतिल्का. मागणीच्या दिवशी उघडायची असते."

"बाबा, प्लीज."

"ताई, मध्ये येऊ नका, सुंदर दिसतंय हे!" दोबोमिर गुडघ्यावर आला.

मेण फुटलं. बूच निघालं. बोग्नाबाईंनी पिशवीतून छोटे काचेचे पेले काढले. त्यांनी ते रादोमहून रुमालात गुंडाळून आणले होते, म्हणजे त्यांनाही आशा होतीच. गडद तपकिरी धार पाच पेल्यांत पडली. पाचवा गाडीवानाचा. उत्सवात डोंगरी माणसाला वगळणं बरं नसतं. हिपोलितनी पेला उचलला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एक भाषण तयार केलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना. "आरोग्य असो," एवढंच ते म्हणाले, आणि पेला एका दमात तोंडात रिकामा केला.

गिळला मात्र नाही. तो घोट तोंडात धरून ते उभे राहिले. गालफडं फुगलेली, भुवया हळूहळू वर जात होत्या. समोर ओतिलिया दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती, डोळे विस्फारलेले. सहा वेळा सांगून जे तिला मनापासून जमलं नव्हतं ते आता आपोआप जमलं होतं. बाप मुलीकडे बघत होता, मुलगी बापाकडे. मग हिपोलितनी गिळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हेच!" दोबोमिर किंचाळला. "हेच पाहिजे होतं! हलू नका, काका!"

"कडक आहे, प्रोफेसर," क्सावेरी आपला पेला संपवून म्हणाला. जावई म्हणून तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि बरं बोलला. बोग्नाबाईंनी एक घोट घेतला, पेल्यात पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि उरलेलं गुपचूप बर्फात ओतलं.

"मुरली आहे चांगली," हिपोलित सावकाश म्हणाले. "सगळं मेणावर असतं." ओतिलियाने त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि कोटात तोंड खुपसलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

गाडीवानाने पेला रिकामा करून परत दिला. "गरम असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि घोड्याकडे वळला, कारण खालून फुगेवाला वर यायला लागला होता.

फोटो गुरुवारी आले, चारशे बारा. दोबोमिरने त्यांतला एकच आपल्या दुकानाच्या काचेवर मोठा करून लावला: वाऱ्यात उडणारा पांढरा मफलर, टोपीवर बर्फ, हातात रिकामा पेला, डोळे भरलेला म्हातारा. खाली लिहिलं, 'बापाचे अश्रू'. त्याच्या जोरावर दोबोमिरचे पुढच्या हिवाळ्याचे सगळे शनिवार मार्चमध्येच भरले. आता त्याच्या कार्यक्रमाच्या कागदात दहावं कलम आलं आहे: 'वडील जुनी बाटली उघडतात.'

शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ओतिलिया आणि तिच्या तीन मैत्रिणींनी ती दारू संपवली होती. बाटलीत चहा होता. तो बुरशी धरतो म्हणून दर नाताळला बदलून वर नवं मेण ओतावं लागे. हा गेल्या नाताळचा होता.